वाचक विचारतात: केअर स्टाफला शिकवायचं काय, आणि कसं?

मागच्या वेळी बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांच्या रोजच्या सांभाळाबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की सांभाळणाऱ्या माणसांना तयार कसं करायचं. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं लांब होती, मी थोडक्यात घेतलीयत, आणि नावं मुद्दामच देत नाहीये.

प्रश्न: ताई, मी एका निवासी केंद्राची इन्चार्ज आहे, सगळे रहिवासी मोठ्या वयाचे. बाहेरून ट्रेनर बोलावून दोन दिवसांचं वर्कशॉप घेतलं, शेवटच्या टेस्टमध्ये सगळ्यांना छान मार्क पडले. महिन्याभराने बघते तर सगळं जैसे थे. दात अजून स्टाफच घासून देतो, बटणं स्टाफच लावतो. स्टाफ वाईट नाहीये हो. मग अडतंय कुठे?

'स्टाफ वाईट नाहीये' असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी पहिला राग स्टाफवरच निघतो. बघा, हॉलमध्ये बसून ऐकलेलं डोक्यात जातं पण हातात उतरत नाही. सकाळी शिफ्टला दोन माणसं, आवरायचंय सात-आठ जणांचं, गाडी दारात येऊन उभी राहणार, अशा घाईत हात जुन्या सवयीनेच चालणार, मग भिंतीवर सर्टिफिकेट असो की नसो.

स्टाफला कामाचं कौशल्य कसं शिकवावं यावर बराच अभ्यास झालाय आणि त्यातून जी पद्धत टिकली ती साधी आहे. आधी थोडक्यात सांगायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि तिथल्या तिथे सांगायचं की हे छान जमलं, हे जरा असं कर. आणि हे परत परत, नीट जमेपर्यंत. तुमचं वर्कशॉप पहिल्या पायरीवर थांबलं, फार तर दुसरीवर. टेस्टमध्ये मार्क पडले म्हणजे ऐकलेलं आठवलं, एवढाच त्याचा अर्थ.

दात घासायचंच उदाहरण घेऊ. 'त्याला स्वतः करू द्या' एवढंच सांगितलं तर नवा मदतनीस काय करेल, ब्रश हातात देऊन बाजूला उभा राहील, समोरचा माणूस ब्रशकडे बघत बसेल, दोन मिनिटांनी मदतनीस म्हणेल बघा नाही जमत, आणि स्वतः घासून मोकळा होईल. त्याला मधलं काही शिकवलेलंच नाहीये ना! म्हणून आधी कामाचे तुकडे पाडायला शिकवायचं. ब्रश उचलणं, नळ सोडणं, ब्रश ओला करणं, पेस्टचं झाकण काढणं, पेस्ट दाबणं, वरचे डावीकडचे दात, खालचे डावीकडचे दात, असे पंधरा-वीस तुकडे सहज निघतात. आणि ते टेबलावर बसून नाही काढायचे, स्वतः बेसिनपाशी उभं राहून ब्रश हातात घेऊन काढायचे, कारण टेबलावर बसलं की झाकण काढायचं हमखास राहून जातं आणि नेमका माणूस त्या झाकणापाशीच अडलेला असतो.

मग प्रत्येक तुकड्यापुढे लिहायचं की या एका माणसाला इथे किती मदत लागते. नुसतं थांबलं तरी करतो का, बोट दाखवलं की करतो का, करून दाखवावं लागतं का, मनगटाला हलका आधार पुरतो का, की हाताला धरूनच करावं लागतं. मदत कमीत कमीपासून सुरू करायची आणि मध्ये थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. बऱ्याच जणांना ऐकलेलं समजून घेऊन हात हलवायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरी सूचना देतो, मग पहिली सूचना पुसली जाते आणि बिचाऱ्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. स्टाफला शिकवायची सगळ्यात अवघड गोष्ट कुठली विचाराल तर मी हीच सांगेन, गप्प उभं राहणं. आणि हाताला धरताना त्याने हात मागे घेतला तर सोडायचा, ओढून धरायचा नाही, हेही तेव्हाच शिकवायचं.

सगळे तुकडे एकदम शिकवायला घेऊ नका. बऱ्याचदा शेवटून सुरुवात केलेली बरी पडते, म्हणजे बाकी सगळं मदतीने करायचं आणि शेवटचं, ब्रश धुवून ग्लासात ठेवायचं, ते त्याच्यावर सोडायचं. म्हणजे रोज काम 'मी पूर्ण केलं' असंच संपतं. ते जमलं की त्याच्या आधीचा तुकडा.

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे एक शिक्षक-संशोधक होते, १९७० च्या दशकात त्यांनी गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवलं, ज्यांना संस्थांनी 'काही शिकू शकणार नाहीत' म्हणून सोडून दिलं होतं अशांना. त्यांचं म्हणणं होतं की माणूस शिकत नसेल तर शिकवायची दुसरी तऱ्हा शोधायची जबाबदारी शिकवणाऱ्याची. तुमच्या स्टाफ मीटिंगमध्ये 'त्याला जमत नाही' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न 'आपण काय काय करून बघितलं' हाच यायला हवा.

आणि आता तुमच्याबद्दल, म्हणजे इन्चार्जबद्दल. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या टिझर्ड सेंटरचे जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या पद्धतीला 'ॲक्टिव्ह सपोर्ट' म्हणतात, थोडक्यात म्हणजे माणसा'साठी' करायचं सोडून माणसा'बरोबर' करायचं, थोडं थोडं आणि दिवसभरात सारखं. त्यात वर्गातल्या शिकवणीच्या जोडीला प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रत्येकाला शेजारी उभं राहून शिकवणं असतंच, ते गाळलं की फरक फारसा पडत नाही असं अनुभवाला आलंय. आणि दुसरी गोष्ट, जिथे सुपरवायझर ऑफिसात न बसता फ्लोअरवर येऊन बघतो, बोलतो, स्वतः करून दाखवतो, तिथेच हे टिकतं. तर माझं स्पष्ट म्हणणं असं की पुढच्या वर्कशॉपचे पैसे वाचवा आणि ते तास तुमच्या ड्युटीत घाला. रोज एकाच मदतनिसाजवळ, एकाच कामाच्या वेळी, दहा मिनिटं. त्यात एकच बघायचं, रहिवाशाचे स्वतःचे हात किती वेळ चालू होते. नंतर दोन मिनिटं बोलायचं, आधी काय जमलं ते आणि मग एकच सुधारणा, पाच नाही. आणि हे सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन.

सकाळी वेळच नसतो हे खरंय. मग सकाळ सोडा, संध्याकाळी जेव्हा सगळे नुसते टीव्हीसमोर बसलेले असतात तेव्हा सुरू करा.

प्रश्न: मी सहा महिन्यांपासून एका केंद्रात केअरटेकर आहे. एक दादा आहेत, तिशीतले, बोलत नाहीत. अंघोळीच्या वेळी मारतात, चावतात. सिनियर म्हणतात कडक राहा नाहीतर डोक्यावर बसतील. मला त्यांना दाबून धरायला नको वाटतं पण दुसरं काय करायचं ते कुणी शिकवलंच नाही.

तुम्हाला नको वाटतंय हे बरोबरच वाटतंय, ते सोडू नका.

बोलता न येणाऱ्या माणसाचं मारणं-चावणं हे बहुतेक वेळा काहीतरी सांगणं असतं. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर एक अभ्यास केला, तेव्हापासून या क्षेत्रात विचारायचा प्रश्नच बदलला. आधी विचारायचे 'हे वागणं बंद कसं करायचं', आता विचारतात 'या वागण्यातून त्याला मिळतं काय'. कुणाचं लक्ष हवं असतं, कुणाला एखादी वस्तू हवी असते, कुणाला नको असलेली गोष्ट थांबवायची असते, आणि कुणाला त्या हालचालीनेच शरीराला बरं वाटत असतं. वागणं वरून सारखं दिसलं तरी कारण वेगळं असू शकतं, म्हणून एकच उपाय सगळ्यांना लावून चालत नाही.

पण त्याच्याही आधी दुखणं बघा. ज्याला 'माझा कान दुखतोय' म्हणता येत नाही त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं तर तो मारणारच ना? कान, दात, त्वचेवरचं इन्फेक्शन, जांघेत सोलवटलेलं, साफ न झालेलं पोट. विशेषतः हे आधी नव्हतं आणि आता सुरू झालं असेल तर डॉक्टरांकडे नेल्याशिवाय दुसरा कुठलाच उपाय सुरू करू नये.

मग एक वही घ्या, तीन रकाने पाडा: आधी काय झालं, दादांनी काय केलं, लगेच नंतर काय झालं. वेळ आणि तिथे कोण होतं तेही टाका. 'चिडले', 'हट्ट केला' असं लिहू नका, जे डोळ्याला दिसलं तेच लिहा. म्हणजे असं: 'सात वाजून दहा मिनिटं. टीव्ही चालू होता. मी मागून येऊन दंडाला धरलं, चला म्हटलं. दादा उठले नाहीत. शर्ट डोक्यावरून काढला. माझा हात चावला. मी मागे झाले. अंघोळ दहा मिनिटं पुढे ढकलली.' हे वाचलं की कितीतरी गोष्टी समोर येतात. मागून धरलं, टीव्ही मध्येच तुटला, शर्ट डोक्यावरून काढताना क्षणभर काही दिसेनासं झालं, आणि चावल्यावर अंघोळ थांबली. म्हणजे दादांना कळलं की चावलं की थांबतं. त्यांच्याकडे थांबवायचा हा एकच मार्ग आहे, आणि तो चालतो म्हणून ते वापरतात.

आता करायचं काय, तर थांबवायचा दुसरा, सोपा मार्ग त्यांच्या हातात द्यायचा. एक कार्ड असेल, हाताची खूण असेल, टॉवेल स्वतःकडे ओढून घेणं असेल, जे त्यांना पटकन जमेल ते. आणि त्यांनी ती खूण केली की लगेच थांबायचं, प्रत्येक वेळी, प्रत्येकाने. सुरुवातीला अंघोळ अर्धवट राहील, राहू दे. सिनियरना वाटेल हे डोक्यावर बसवणं आहे, पण उलट होतं, आपण थांबवू शकतो हा भरवसा बसला की माणूस जास्त वेळ सहन करायला तयार होतो. जोडीला बाकीचं बदला. समोरून येऊन सांगायचं, टॉवेल किंवा अंघोळीचं चित्र दाखवायचं म्हणजे पुढे काय आहे ते कळेल, टीव्हीवरचा कार्यक्रम संपू द्यायचा, पुढून बटणं असलेला शर्ट वापरायचा, पाणी आधी त्यांच्या हातावर घालायचं, तांब्या त्यांच्या हातात द्यायचा. सकाळीच अंघोळ हवी असा काही नियम नाही, दादांना संध्याकाळ बरी वाटत असेल तर संध्याकाळी.

ही वही तुमच्या एकटीची ठेवू नका, सगळ्या शिफ्टने लिहायची. आणि कामावर चावलं, लागलं तर त्याची नोंद करून उपचार घ्यायचे, 'या कामात चालायचंच' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तुमची सुरक्षितता हाही ट्रेनिंगचाच भाग आहे: किती अंतरावर उभं राहायचं, चावल्यावर हात झटकून ओढायचा नाही (जखम वाढते), चिडायच्या आधीच्या खुणा कुठल्या. हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं होतं.

अजून एक, कारण हे फार ठिकाणी होतं. असं वागणं दिसलं की औषध सुरू करून माणसाला गुंगीत ठेवायचं. मानसिक आजाराचं निदान नसताना केवळ वागण्यासाठी दिलेल्या अशा औषधांचा वापर कमी करायला इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६ पासून मोहीमच चालवलीय. चालू औषध मनाने बंद मात्र कुणी करू नका, ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात. पण हे औषध कशासाठी आहे आणि परत कधी तपासणार हे विचारायचा हक्क आहे, आणि तुमची वही अशा वेळी डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

प्रश्न: माझी बहीण ४१ वर्षांची आहे, आईनंतर मीच बघते. आता घरी मदतीला बाई ठेवतेय. तिला पहिल्या आठवड्यात काय काय शिकवू?

पहिल्या एक-दोन दिवसांत काही शिकवूच नका, नुसतं तुमच्याबरोबर राहू दे. बहिणीला तिची सवय होऊ दे आणि तिला बहिणीची. अंगाला हात लावायची कामं, अंघोळ, कपडे, पॅड बदलणं, ही ओळख झाल्यावरच, आणि सुरुवातीला तुम्ही तिथे असताना.

मग एक कागद बनवा, बहिणीच्या भाषेचा. ती काय करते, कधी करते, आम्हाला वाटतं त्याचा अर्थ काय, आणि आपण काय करायचं. उदाहरणार्थ ओढणीचं टोक चावते, अनोळखी माणूस आल्यावर, अर्थ भीती वाटतेय, करायचं काय तर तिच्या शेजारी बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. दुखत असेल तर ती कशी दिसते हे तर लिहाच, कारण कुणी रडतं, कुणी एकदम गप्प होतं, कुणी हसतंसुद्धा. हे सगळं आज तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे, ते कागदावर आलंच पाहिजे. तोच कागद हॉस्पिटलला न्यायच्या पिशवीत ठेवा, औषधं आणि ॲलर्जीसकट.

तब्येतीच्या तीन गोष्टींवर मात्र तिला पक्कं तयार करा.

एक, पोट. बद्धकोष्ठता ऐकायला किरकोळ वाटते पण बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचे त्यातून जीव गेलेत. हालचाल कमी, पाणी कमी, शिवाय फिटच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी पोट जड होतं. रोज नोंद ठेवायला सांगा. आणि अधूनमधून पातळ होतंय म्हणजे पोट साफ आहे असं समजू नये, कधीकधी आत घट्ट साठलेल्याच्या कडेने पातळ झिरपत असतं. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर अजून बिघडतं.

दुसरं, गिळणं. जेवताना खोकला, ठसका, जेवणानंतर ओलसर घरघरता आवाज, सारखं छातीत इन्फेक्शन, हे दिसलं तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न किती मऊ आणि पेय किती घट्ट याच्या ० ते ७ अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या पातळ्या आहेत, त्यातली बहिणीला कुठली हे थेरपिस्ट सांगेल, बाईंनी आपल्या अंदाजाने काही पातळ-घट्ट करू नये. भरवायचं ताठ बसवूनच, आडवं पडून कधीच नाही, आधीचा घास गिळल्याचं बघूनच पुढचा.

तिसरं, फिट. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला एपिलेप्सी असते, म्हणून बहिणीला आजवर आली नसली तरी शिकवून ठेवा. घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं सामान बाजूला, धरून ठेवायचं नाही, तोंडात काही म्हणजे काहीच घालायचं नाही. झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक आली, पहिल्यांदाच आली किंवा नंतर श्वास नीट वाटेना तर ॲम्ब्युलन्स. हे नुसतं सांगू नका, तुम्ही स्वतः जमिनीवर आडव्या व्हा आणि तिला करायला लावा.

आणि बहिणीसमोर तिच्याबद्दल ती तिथे नाहीच अशा थाटात बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. तुम्हालाही लागू.

प्रश्न: आमच्याकडे एक सिनियर रहिवाशांना चिमटे काढतो, बाथरूममध्ये कोंडतो, 'त्यांना कुठे कळतं' म्हणतो. बाकी स्टाफ बघून न बघितल्यासारखं करतो. बोललं तर नोकरी जाईल. काय करू?

हा छळ आहे, आणि त्यांना कळतं. ज्याला सांगता येत नाही त्यालाही दुखतं आणि भीती वाटते.

जे बघितलंत ते तारीख, वेळ, जागा, कोण होतं असं आजच लिहून ठेवा. जखम दिसली तर आधी डॉक्टर. तोंडी तक्रार करून थांबू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. वरच्यांनी दाबलं तर कुटुंबाला, देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, पोलिसांना सांगता येतं. एकटं जाण्यापेक्षा ज्यांना हे खटकतंय असा एक तरी सहकारी बरोबर घ्या, असतो असा कुणीतरी.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी हॉस्पिटल होतं, तिथे स्टाफ रहिवाशांना मारायचा, लोळवायचा. तिथल्या एका नर्सने लेखी तक्रार केली, दखल घेतली गेली नाही, मग २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने सगळं दाखवलं. ११ जण दोषी ठरले, सहा जणांना तुरुंगवास झाला, ते हॉस्पिटल बंद झालं. नंतरच्या सरकारी अहवालात एक गोष्ट आली जी या सदराच्या विषयाची आहे. तिथल्या स्टाफला ट्रेनिंग फारच थोडं होतं आणि जे होतं त्याचा भर माणसाला आवरून-दाबून धरण्यावर होता. ज्याला फक्त धरायला शिकवलंय तो प्रत्येक प्रसंगात धरणारच.

म्हणून या पानावर ज्या संस्थाचालकांचं लक्ष जाईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तक्रार कुणाकडे करायची, इन्चार्जविरुद्धच असेल तर कुणाकडे, आणि करणाऱ्याला त्रास झाला तर काय, हे नव्या माणसाला रुजू होताना सांगा आणि भिंतीवर लावा. रात्रपाळीला अचानक चक्कर मारा. एकाच माणसावर एका रहिवाशाचं सगळं सोपवून वर्षानुवर्षं ठेवू नका. आणि सलग डबल शिफ्ट लावू नका, थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. ते कारण आहे, माफी नाही, पण कारण तुमच्या हातात आहे.

प्रश्न: भावाला डाऊन सिंड्रोम आहे, वय ४६. वर्षभरात आळशी झालाय, कपडे उलटे घालतो, जिन्यावर थबकतो. केंद्रातले म्हणतात 'त्यांच्यात असंच असतं'.

असंच नसतं. नवीन बदल अक्षमतेच्या खात्यात टाकून मोकळं होणं ही या क्षेत्रातली फार जुनी आणि धोक्याची सवय आहे, आणि स्टाफला ती मोडायला शिकवलंच पाहिजे.

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं हे सगळं जास्त आढळतं, आणि यातल्या कशानेही माणूस सुस्त किंवा गोंधळलेला दिसू शकतो. यातलं बरंचसं बरं होणारं आहे. जिन्यावर थबकणं नजरेचंही असेल, मानेच्या मणक्यांचंही असू शकतं. जवळचं कुणी गेलं असेल, आवडता मदतनीस नोकरी सोडून गेला असेल, तर डिप्रेशनही येतं. आणि अल्झायमर्सही लवकर येऊ शकतो, कारण मेंदूत साठणारं ते प्रथिन ज्या जीनमधून तयार होतं तो २१ व्या गुणसूत्रावर असतो आणि डाऊन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र जादा असतं. पण त्या निदानापर्यंत बाकीचं तपासूनच जायचं. डॉक्टरांकडे जाताना वर्षभरापूर्वी काय जमायचं आणि आता काय जमत नाही याची यादी न्या, मोबाईलमधला जुना व्हिडिओ असेल तर तोही. केंद्रांनी तर तिशीच्या आसपासच प्रत्येकाची अशी नोंद करून ठेवायला हवी, नंतर तुलना कशाशी करणार?

प्रश्न: शिकवलेली माणसं वर्षात सोडून जातात. मग शिकवायचं तरी कशाला?

न शिकवलेली त्याहून लवकर जातात, कारण रोज मार खाऊन, काहीच हातात नसताना कोण टिकेल. पगार आणि शिफ्टची वेळ यावर बोलल्याशिवाय मात्र हा प्रश्न सुटणार नाही, ट्रेनिंग त्याची भरपाई करू शकत नाही. तोवर एवढं करा की ज्ञान माणसाबरोबर जाऊ नये: तुकड्यांचे कागद, भाषेचा कागद, तीन रकान्यांची वही, हे केंद्रात राहिलं पाहिजे. आणि जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर निदान काही शिफ्ट एकत्र काढल्याच पाहिजेत. रहिवाशाला निरोप घ्यायलाही वेळ हवा असतो, एका सकाळी आपलं माणूस नाहीसंच झालं असं त्याला होऊ नये.

प्रश्न: मला बौद्धिक अक्षमता आहे. हे मी सांगतोय आणि माझी मैत्रीण लिहितेय. स्टाफला मी शिकवू शकतो का? मला सांगायचंय की दार वाजवून या.

हो, नक्की शिकवू शकता! आणि तुमचा पहिला धडा तयारच आहे.

इंग्लंडमध्ये हे आता नियमित होतंय. ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा १८ वर्षांचा मुलगा होता, त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी सांगूनही हॉस्पिटलमध्ये त्याला नको असलेलं औषध दिलं गेलं, २०१६ साली तो गेला. त्याच्या आईने लढा दिला आणि २०२२ च्या कायद्याने तिथल्या आरोग्य आणि केअर सेवांना आपल्या स्टाफला बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमबद्दलचं ट्रेनिंग देणं बंधनकारक झालं. त्याच्या नावाने जे ट्रेनिंग चालतं त्यात बौद्धिक अक्षमता असलेली आणि ऑटिस्टिक माणसं स्वतः शिकवायला असतात.

तुमच्या मैत्रिणीसाठी आणि केंद्रासाठी थोडं सांगते. काय विचारणार ते आधी काही दिवस कळवा, ऐनवेळी प्रश्न नको. एकावेळी एकच विषय, वीस मिनिटं, मग ब्रेक. पाठ केलेलं भाषण नको, करून दाखवू दे: एक जण खोलीत बसेल, दुसरा न वाजवता आत येईल, मग वाजवून येईल, थांबेल, 'या' म्हटल्यावर आत येईल. स्टाफनेही खोलीत बसून बघायचं कसं वाटतं. जे सांगायचं नसेल ते सांगायची सक्ती करायची नाही. आणि बाहेरच्या ट्रेनरला जसे पैसे देता तसे यांनाही द्यायचे.